लघुग्रह ‘अंधारा’ की ‘काळा’?

‘हायजिया हा मोठा, अंधारा आणि कार्बनमय लघुग्रह आहे’ हे वाक्य बरोबर आहे का, असा प्रश्न आला आहे.

‘मोठा लघुग्रह’ खुशाल लिहा. लघुग्रह हे जातीचं नाव आहे, आणि सुमारे ४३० किलोमीटर व्यासाचा हायजिया मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या लघुग्रहांच्या मुख्य पट्ट्यात आकाराने चौथा लागतो. मला खटकतात ते पुढचे दोन शब्द.

खोली अंधारी असते, जिना अंधारा असतो. उजेड जिथे पोचतच नाही तिथला हा शब्द. हायजियावर ऊन पडतं. पण पडलेल्या उजेडाच्या १०० भागांपैकी जेमतेम ७ परत फिरतात, बाकीचा उजेड पृष्ठभाग गिळून टाकतो. हा वर्णाचा गुण झाला, म्हणून ‘काळा’. त्यातही ‘काळाभोर’ म्हटलं की केस आठवतात, ‘काळाकुळकुळीत’ म्हटलं की तकाकी आली. अशा निस्तेज दगडाला ‘काळाकभिन्न’ शोभतो.

मात्र ‘दुर्बिणीतून काळा दिसतो’ असं लिहू नका. दुर्बिणीत तो ताऱ्यांसारखाच उजळ ठिपका असतो, फक्त अंधुक. काळा आहे म्हणून अंधुक दिसतो; एक शब्द वस्तूचा, दुसरा आपल्या नजरेचा. हा फरक मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात शोधाचा इतिहासही आहे. सुमारे ४० टक्के उजेड परतवणारा व्हेस्टा हा लघुग्रह १८०७ मध्येच सापडला. तो कधीकधी नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. हायजिया इटालियन खगोलशास्त्रज्ञ अनीबाले दे गास्पारिस यांना नेपल्सहून दिसला तो १८४९ मध्ये. तोवर त्याच्याहून लहान असे सहा लघुग्रह सापडून गेले होते!

आता ‘कार्बनमय’. गाव जलमय झालं म्हणजे जिकडे पाहावं तिकडे पाणी. ‘मय’ लागला की ती वस्तू काठोकाठ भरते. हायजियाच्या वर्गातल्या दगडांत कार्बन काही टक्केच असतो. नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाने २०२३ मध्ये बेन्नू या लघुग्रहावरून आणलेल्या मातीत तो ५ टक्क्यांच्या आसपास निघाला, आणि तेवढाही भरपूर मानला गेला. तेव्हा ‘कार्बनयुक्त’ म्हणावं: कार्बन आहे एवढंच तो शब्द सांगतो, किती ते सांगत नाही. ‘कर्बयुक्त’ही चालेल, शेतीविषयक लेखनामुळे ‘सेंद्रिय कर्ब’ सगळ्यांच्या ओळखीचा आहे, वाचक अडखळणार नाही.