ढुम ढुममधली खाली कुठे असते? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात हाउस, गॅरेज आणि बेस म्युझिक या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या अलीकडच्या रिलीजबद्दल लिहिलं होतं, त्यावर बडोद्यातूनच इतकी पत्रं आली की मलाच आश्चर्य वाटलं. त्यातली पाच घेतोय.

दादा, मी म्युझिक कॉलेजात तबला शिकतो. तुम्ही सांगितलेलं सगळं ऐकलं पण खरं सांगू का, मला सगळं एकच वाटलं, ढुम ढुम ढुम ढुम. हाउस कुठलं, गॅरेज कुठलं आणि बेस कुठलं हे ओळखायचं कसं?
– तबल्याचा विद्यार्थी, सूरसागरजवळ

अरे तू तबला शिकतोयस म्हणजे अर्धं काम झालंच की. तीनताल मनात म्हण. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, आणि मग? धा तिं तिं ता. तिं आला की डग्गा, म्हणजे डाव्या हाताचा तो जाड आवाज, गप्प. हीच खाली. बोटं तबल्यावर चालूच असतात, लय कुठेही गेलेली नसते, फक्त खालचा आवाज निघून जातो आणि ऐकणाऱ्याच्या पोटात एक पोकळी होते, आणि मग पुढे धिं परत आला की मान आपोआप हलते. हे एवढं धरून ठेव. डग्गा कुठे वाजतो हे ऐकू नकोस, कुठे वाजत नाही ते ऐक.

हाउस सगळ्यात सरळ. चारही मात्रांवर किक, म्हणजे ड्रमचा तो जाड ढुम, दुसऱ्या-चौथ्यावर टाळी, मिनिटाला साधारण 120 ते 128 ठोके. शिकागोत वेअरहाउस नावाचा क्लब 1977 मध्ये सुरू झाला, तिथे फ्रँकी नकल्स वाजवायचा, त्या वेअरहाउसवरूनच हाउस हे नाव पडलं असं मानतात. यात खाली प्रत्येक आवर्तनात येत नाही. डीजे मध्येच मिक्सरवरचं बेसचं बटण डावीकडे पिळतो, आठ-सोळा आवर्तनं किक नुसती लांबून ऐकू येते, आणि मग तो ती परत देतो. आपल्या गरब्यात नाही का, ढोल थांबतो, नुसता गाणाऱ्याचा आवाज आणि टाळ्या उरतात, हजारो पाय तरी फिरतच असतात आणि सगळं मैदान ढोलाची वाट बघत असतं. तेच ते.

गॅरेजचं नाव न्यूयॉर्कच्या पॅराडाइज गॅरेज क्लबवरून आलं, पण आज पोरं ज्याला गॅरेज म्हणतात ते लंडनचं. नव्वदच्या दशकात तिथले डीजे अमेरिकन रेकॉर्डी जरा वेग वाढवून लावायचे. टेक्निक्स कंपनीच्या टर्नटेबलवरची, म्हणजे रेकॉर्ड वाजवायच्या यंत्रावरची, स्पीडची पट्टी आठ टक्क्यांपर्यंत जाते, म्हणजे 120 चं गाणं जवळजवळ 130 वर पोचतं, आणि लोकांना तो स्पीड इतका आवडला की तिथल्या पोरांनी त्याच स्पीडला स्वतःची गाणी करायला घेतली आणि करता करता किक काढूनच टाकल्या. टू-स्टेप म्हणतात ते हेच, समेवर किक, दुसऱ्या मात्रेवर किक नाहीच, तिसऱ्याच्या जरा मागेपुढे कुठेतरी एक, आणि वरची हायहॅट, म्हणजे झांजेसारखी ती चिक चिक, लंगडी, झुलती. म्हणजे इथे खाली प्रत्येक आवर्तनात आहे रे! म्हणून गॅरेजवर नाचताना पाय घसरल्यासारखा होतो. मला स्वतःला तिन्हींत हे सगळ्यात जास्त आवडतं, कारण ताल मोडतोय असं वाटत राहतं आणि तो कधीच मोडत नाही.

बेस म्युझिक ही बरीच मोठी पिशवी आहे, त्यात खूप काही येतं, पण मूळ धरायचं तर डबस्टेप, 2000 च्या आसपास दक्षिण लंडनच्या क्रॉयडन भागातून आलेलं. वेग 140 पण स्नेअर, म्हणजे ड्रमचा तो कोरडा फटका, फक्त तिसऱ्या मात्रेवर, त्यामुळे अंगाला तो 70 चाच वाटतो, विलंबितच म्हण. आणि तळाला 40-60 हर्ट्झचा तो आवाज जो सरकत जातो. तू डग्ग्यावर मनगट दाबून पुढे सरकवतोस ना, घुमारा वर चढतो, तसाच.

आता नवं काय ऐकायचं. ओव्हरमोनो, वेल्सचे दोघे भाऊ, त्यांचा 2023 चा अल्बम 'गुड लाइज' लाव, त्यात गॅरेजचा लंगडेपणा आणि बेसचं वजन एकत्र मिळेल. मग त्याच वर्षी आलेलं 'रंबल', स्क्रिलेक्स, फ्रेड अगेन आणि फ्लोडॅन या तिघांचं, 2024 ला त्याला ग्रॅमी मिळालं. त्यात जागा किती रिकामी सोडलीय ते बघ. पहिल्या वेळेला फक्त किकवर मांडीवर थाप दे, दुसऱ्या वेळेला किक जिथे यायला हवी होती पण आली नाही तिथे बोट उचल. चार-पाच वेळा कर, मग सगळं सारखं वाटतं असं तू म्हणणार नाहीस.

नवीन सबवूफर घेतला, पैसे साठवून. पण माझ्या टेबलापाशी बसलं की बेस गायब, आणि दारात उभं राहिलं की छाती हलते. पीस खराब आहे का? परत करू का?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, फतेहगंज

थांब, परत करू नको. खोली 10 बाय 12 ची आहे असं तू लिहिलंयस आणि टेबल बरोबर मधोमध आहे, घोळ तिथेच आहे. 50 हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ 7 मीटर लांब असते. 12 फूट म्हणजे साधारण साडेतीन मीटर, म्हणजे त्या लाटेची जवळजवळ अर्धी लांबी तुझ्या दोन भिंतींत बसते, आणि असं झालं की भिंतीपाशी दाब खूप आणि खोलीच्या मध्यावर जवळजवळ काहीच नाही. तू नेमका त्या खड्ड्यात बसलायस. खुर्ची भिंतीपासून चार-साडेचार फुटांवर आण. नाही जमलं तर सब उचलून तात्पुरता खुर्चीवर ठेव, गाणं लाव आणि तू खोलीभर रांगत फिर, जिथे बेस सगळ्यात स्वच्छ ऐकू येईल तिथे सबला बसव. रांगताना घरचे बघतील, बघू दे, याच्याइतका सोपा उपाय दुसरा नाही. कोपऱ्यात मात्र ठेवू नको, तिथे आवाज वाढतो पण नुसता घोंगावतो.

आणि फोनच्या स्पीकरवर या गाण्यांची परीक्षा घेऊ नका, हे सगळ्यांनाच सांगतो. त्यातून 150-200 हर्ट्झच्या खालचं जवळपास काही येत नाही. तीनतालातला डग्गा काढून घेतला तर तबला कसा वाटेल, तसं होतं ते.

मी लहान फंक्शनना वाजवतो. गॅरेज, हाउसचे नवे ट्रॅक कुठून मिळवू? व्हिडिओवरून काढलेले वाजवले तर चालतात का? एका सेटमध्ये ऐकलेला एक ट्रॅक तर तीन महिने शोधतोय, नावच मिळत नाही.
– डीजे, कारेलीबाग

व्हिडिओवरून काढलेले चालत नाहीत, आणि हे मी अनुभवाने सांगतो. मावसभावाच्या रिसेप्शनला मी एक 'बेस बूस्टेड' लिहिलेली फाइल लावली होती, घरी हेडफोनवर जबरदस्त वाटली होती. हॉलच्या सिस्टिमवर पहिली किक आली आणि ॲम्पचा लाल दिवा पेटला तो विझेचना, किक ढुम न येता फर्र फर्र यायला लागली, आणि माझे काका जेवणाचं ताट हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. बेस वाढवून वाढवून त्या फाइलीतला आवाज आधीच कापला गेला होता, मोठ्या स्पीकरने तो कापलेपणाच मोठा करून दाखवला. त्या रात्री मला फार वाईट वाटलं होतं. शिवाय दोन-तीनदा कॉम्प्रेस झालेल्या फाइलीत सगळ्यात आधी हायहॅट मरते, आणि गॅरेजमधून हायहॅटची झुलती चाल गेली तर उरलं काय?

तेव्हा विकतच घ्या, वॅव्ह नाहीतर फ्लॅक, म्हणजे आवाज न गमावणाऱ्या फाइली. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर डिजिटल विक्रीतले 15 टक्के ते ठेवतात, आणि बँडकॅम्प फ्रायडे म्हणून जे दिवस असतात, 2020 पासून, त्या दिवशी ते स्वतःचा वाटा सोडतात. तीन-चार ट्रॅकची ईपी घेतलीत तर सगळे ट्रॅक ऐका, माझा अनुभव असा की फ्लोरवर चालणारा ट्रॅक बऱ्याचदा शेवटचा असतो. चार्ट बघू नका, लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, फॉलो करा, एक ट्रॅक आवडला की तो कुठल्या लेबलचा ते बघा आणि त्या लेबलचं मागचं वर्षभराचं काम ऐका. आणि लंडनचे रेडिओ ऐका. रिन्स एफएम 1994 ला चोरून सुरू झालेलं स्टेशन, 2010 ला त्याला लायसन मिळालं, गॅरेज आणि डबस्टेप तिथूनही घराघरात गेलं. एनटीएस हे दुसरं स्टेशन, 2011 पासून. तिकडे संध्याकाळ असते तेव्हा आपल्याकडे रात्र, जेवून झोपाळ्यावर बसायच्या वेळेला बरोबर येतं.

तीन महिने शोधताय त्या ट्रॅकचं म्हणाल तर बहुधा तो आलेलाच नाही अजून. या मंडळींत जुनी रीत आहे, गाणं तयार झालं की ते आधी ओळखीच्या दोन-चार डीजेंना द्यायचं. पूर्वी त्यासाठी एकच कॉपी डिस्कवर कापून घ्यायचे, तिला डबप्लेट म्हणायचे, आता फाइल पाठवतात. लोक नाचतात का बघायचं, बेस कमीजास्त करायचा, आणि मग कित्येक महिन्यांनी रिलीज. तेव्हा धीर धरा, ज्याच्या सेटमध्ये ऐकलात त्याचे पुढचे सेट ऐकत राहा.

यात आपलं काही आहे का, की सगळं तिकडचंच?
– वाचक, मांडवी

आहे ना. चरणजीत सिंग, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे, त्यांनी 1982 ला मुंबईत रोलंड कंपनीची टीबी-303 हे बेस वाजवणारं आणि टीआर-808 हे ताल वाजवणारं अशी यंत्रं घेऊन दहा रागांवर एक रेकॉर्ड केली. शिकागोची पहिली ॲसिड हाउस (हाउसचाच एक प्रकार) रेकॉर्ड म्हणून जिला मान आहे ती 1987 ची, त्याच 303 मशीनवरची. सिंगांची रेकॉर्ड तेव्हा इथे कोणी फारशी घेतली नाही, 2010 ला परत निघाली तेव्हा जगभर लोक थक्क झाले. शिकागोच्या पोरांनी सिंगांची रेकॉर्ड ऐकली होती असं मात्र म्हणू नका, त्यांनी आपलं आपण शोधलं. भैरव ऐका त्यातला.

आमचा नातू रात्री अकरानंतर ते धडधड लावतो. वाडा जुना, लाकडी, माझ्या खोलीत पलंगाचा पाय हलतो. शिवाय ही गाणी दारूच्या पार्ट्यांची असं ऐकून आहे. त्याला काय सांगू?
– आजोबा, दांडिया बाजार

आजोबा, नमस्कार. आधी दुसऱ्या मुद्द्याचं सांगतो, कारण ते तुमच्या मनाला जास्त लागलेलं दिसतंय. वर ज्या पॅराडाइज गॅरेजचं नाव घेतलं, 1977 ते 1987 चाललेलं, तिथे दारू विकतच नसत. लॅरी लेव्हन नावाचा माणूस रात्रभर वाजवायचा आणि लोक नाचायला यायचे. तिथे बाकी सगळे साधूच होते असं मी म्हणणार नाही, पण संगीत बाटलीतून आलं नाही एवढं नक्की. आपल्या गुजरातेत तर तुमचा नातू ते घरीच बसून ऐकतोय.

पहिल्या मुद्द्यात तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. खालचा आवाज भिंतीला जुमानत नाही, लाकडी तक्तपोशीतून तर तो सरळ चालत येतो. त्याला सांगा की सबवूफरखाली जाड रबर आणि त्यावर फरशीचा तुकडा ठेव, म्हणजे निदान पलंग हलायचा थांबेल, आणि दहानंतर हेडफोन. निवासी भागात रात्री दहा ते सहा आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, कायद्यानेच.

आणि एक विनंती करू का? एखाद्या संध्याकाळी, चहाच्या वेळेला, त्यालाच म्हणा लाव रे तुझं ते. खुर्ची जवळ घ्या आणि त्या स्पीकरच्या लाकडी पेटीवर तळहात ठेवा. ठोका येईल, ठोका येईल, आणि मग हाताखाली एकदम काहीच नसेल. तिथे नातवाच्या तोंडाकडे बघा.