गिझरची पिवळी ज्योत, तिकडचा फर्नेस आणि बंद खिडकी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न (मुलुंडहून एक ताई) : आमचा सहा लिटरचा गॅस गिझर बाथरूमच्या आतच लावलाय. आधी सिलेंडरवर चालायचा, मग बिल्डिंगमध्ये पाइपगॅस आला तेव्हा लोकल माणसाने जेटचं (बर्नरला गॅस सोडणाऱ्या तोटीचं) भोक मोठं करून जोडून दिला. पावसाळा संपल्यापासून नुसता टकटक करतो, मग एकदम भडकन पेटतो, ज्योतही पिवळी दिसते. सर्व्हिसिंगवाला म्हणतो साफ करून देतो, होईल सगळं नीट. तेवढं पुरे आहे का?

उत्तर : नाही ताई, पुरे नाही. आणि आधी गिझरचा गॅस कॉक बंद करा, बाकीचं मग वाचा.

ज्योत निळी हवी. पिवळी म्हणजे गॅस पूर्ण जळत नाहीये, आणि अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग, चुलीच्या धुरासारखा डोळ्यांत जात नाही म्हणून माणसाला कळतच नाही. पाइपगॅसला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम घातलेला असतो, तो जळून जातो, त्यामुळे वास नाही म्हणजे सगळं ठीक असं अजिबात समजू नका.

तुमच्याकडे दोन-तीन गोष्टी एकत्र झाल्यात असं दिसतंय. पावसाळ्यात बर्नरला गंज चढतो, कोळी जाळं करतो, धूळ ओली होऊन चिकटते, आणि वरच्या तांब्याच्या पत्र्यांमध्ये काजळी बसली की जळलेली हवा वर जायला वाट उरत नाही. हे साफ करता येतं. टकटक होऊन उशिरा पेटणं बहुतेक वेळा सेलमुळे असतं, खालच्या डब्यातले दोन्ही मोठे सेल एकदम बदला, एक जुना एक नवा नको, डब्यातल्या पट्ट्यांवर हिरवं धरलं असेल तर तेही घासून घ्या. ठिणगी उशिरा पडते तोवर गॅस साचतो म्हणून तो भडका उडतो.

पण ते मोठं केलेलं भोक साफसफाईने बरोबर होणार नाही. सिलेंडरचा गॅस आणि पाइपगॅस यांची उष्णता वेगळी, प्रेशर वेगळं, त्यामुळे जेटही मोजून वेगळा बनवलेला असतो, ड्रिलने अंदाजाने पाडलेलं भोक म्हणजे जास्त गॅस आणि अपुरी हवा. गिझरच्या कंपनीला मॉडेल नंबर देऊन विचारा की हे मॉडेल पाइपगॅसवर चालतं का. ते नाही म्हणाले तर हा गिझर काढाच, पैसे गेले तरी चालतील. मीटर आणि गॅसच्या पाइपला मात्र हात फक्त गॅस कंपनीच्या माणसानेच लावायचा, आपल्याकडे महानगर गॅसचा पाइप असेल तर त्यांनाच कळवा.

आता जागेचं. आपल्या मुंबईतलं बाथरूम चार बाय सहा फुटांचं, म्हणजे आत जेमतेम साडेपाच घनमीटर हवा. सहा लिटरचा गिझर फुल चालला तर तासाला साधारण १० ते ११ घनमीटर हवा खातो. खिडकी-दार लावून घेतलं तर अर्ध्या तासात बाथरूमभर हवेची वाट लागते, आणि कार्बन मोनॉक्साइड त्याच्या बऱ्याच आधीपासून वाढायला लागतो. एकामागून एक तिघं आंघोळीला गेली की शेवटच्याला सगळ्यात वाईट हवा मिळते, आणि शेवटी बहुतेक घरची बाईच जाते, म्हणून मी हे इतकं कळवळून सांगतोय. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या बाल्कनीत घ्या आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणा. नुसता एक्झॉस्ट फॅन लावून भागत नाही, फॅन हवा बाहेर फेकतो पण आत यायला खालून जाळी नसेल तर येणार कुठून.

सर्व्हिसिंग झाल्यावर समोर उभं राहून दोन गोष्टी करून घ्या, प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहणं, आणि पाणी बंद केल्याबरोबर ज्योत विझते ना हे पाहणं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी येत असेल तर पाण्याच्या जाळीत क्षार अडकतात, तीही काढून धुवायला सांगा.

प्रश्न (दादरहून एक काकू) : मुलगा टोरांटोजवळ असतो, आम्ही दोघं डिसेंबरात जाणार. बेसमेंटमध्ये घर गरम ठेवणारा गॅसचा फर्नेस आहे, दिवसभर घरी आम्हीच. मला त्या मशीनची धास्ती वाटते.

उत्तर : काकू, ते मशीन आपल्या गिझरपेक्षा जास्त बंदिस्त असतं. ज्योत धातूच्या बंद नळ्यांत जळते, पंखा घरातली हवा त्या नळ्यांच्या बाहेरून फिरवतो आणि धूर वेगळ्या पाइपने घराबाहेर जातो. धोका कधी, तर नळीला चीर गेली किंवा बाहेरचा पाइप तुंबला तर. म्हणून थंडीच्या आधी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, लायसन्स असलेल्या टेक्निशियनकडून तपासणी झाली का हे मुलाला आजच फोन करून विचारा, नसेल तर तुम्ही पोचायच्या आत करून घे म्हणावं.

फर्नेसचा हवेचा फिल्टर पातळ असेल तर एक ते तीन महिन्यांत बदलायचा, आधी स्विच बंद करून, आणि त्यावरचा बाण फर्नेसकडे ठेवून. हे मुलालाच करू दे. तुम्ही दोघांनी एवढं बघा की फर्नेसला लागून खोकी, रंगाचे डबे, कपडे नाहीत, आणि बाहेर भिंतीतून पांढरे पाइप निघत असतील तर त्यांच्यापुढे बर्फ साचला नाही, साचला तर मुलाला सांगायचं, स्वतः घसरत जायचं नाही.

तिकडे ऑन्टारियोत, म्हणजे टोरांटोच्या प्रांतात, २०१४ पासून झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा आहे. पोचल्यावर पहिल्याच दिवशी त्याचं बटण दाबून आवाज ऐकून घ्या आणि मागची तारीख बघा, हे अलार्म कायमचे नसतात. तो खराखुरा वाजला तर चहा-बिहा तसाच टाकून दोघांनी कोट घालून बाहेर पडायचं आणि ९११ लावायचं.

प्रश्न (गोरेगावहून एक वाचक) : आंघोळ करून आलो की डोकं दुखतं, मळमळतं. ऑक्सिमीटर ९८ दाखवतो, म्हणजे ॲसिडिटीच ना?

उत्तर : दादा, त्या ९८ वर जाऊ नका. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर रक्तातला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड यांतला फरक ओळखू शकत नाही, आकडा चांगलाच दाखवतो. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर आजपासून तो बंद, आणि डॉक्टरांकडे जाऊन स्पष्ट सांगा की गिझर चालू असताना असं होतं, रक्ताची वेगळी तपासणी असते ती तेच सांगतील. घरात आणखी कुणाला तसंच होतंय का तेही विचारा. परत त्रास झाला तर आधी बाहेर मोकळ्या हवेत या, आणि चक्कर किंवा गोंधळल्यासारखं वाटलं तर एकट्याने न जाता लगेच हॉस्पिटल, नाहीतर १०८ ला फोन. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला की तेच तास-दीड तासावर येतं, म्हणून घरी लिंबू-सरबत घेऊन पडून राहू नका. गिझरचा बंदोबस्त होईपर्यंत पाणी किचनमध्ये तापवा, आणि बाथरूमच्या दाराला आतून कडी घालू नका.