रक्ताचा डाग किती जुना, हे कसं कळतं?

प्रश्न: सिरीयलमधला इन्स्पेक्टर फरशीवरचा डाग नुसता बघतो आणि सांगतो, "सहा तास झालेत." यावरून आमच्याकडे वाद झाला. मुलगा म्हणतो डीएनए केला की सगळं कळतं. खरं काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर: डीएनएवरून रक्त कुणाचं ते कळतं हो, पण सांडलं कधी ते नाही कळत, आणि खरी गोची तिथेच होते. समजा मामाचा खून झालाय आणि बाथरूममध्ये भाच्याचं रक्त सापडलं, तर भाचा म्हणणार मी महिन्यापूर्वी राहायला आलो होतो तेव्हा दाढी करताना कापलं होतं. आता डीएनए काय करणार, रक्त त्याचंच आहे हे तो कुठे नाकारतोय!

रंगावरून थोडंफार कळतं. गुडघा फुटल्यावर बांधलेली पट्टी आठवा, आधी लालभडक मग तपकिरी. हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं ऑक्सिडेशन होऊन मेथहिमोग्लोबिन बनतं, ते शरीरातही बनत असतं पण तिथे एन्झाइम त्याला परत ताळ्यावर आणतात, बाहेर सांडल्यावर ही दुरुस्ती बंद, मग पुढे त्याचं हेमिक्रोम होतं आणि डाग काळपट पडत जातो. टोमेलिनी नावाच्या संशोधकाने 1907 मध्येच यासाठी रंगांचा तक्ता केला होता. आता डोळ्यांऐवजी स्पेक्ट्रोमीटर (कुठल्या रंगाचा प्रकाश किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र) वापरतात, ताजं रक्त प्रकाश सगळ्यात जास्त शोषतं ते साधारण 415 नॅनोमीटर तरंगलांबीचं टोक डाग जुना होईल तसं कमी तरंगलांबीकडे सरकतं, ते मोजायचं.

पण हे घड्याळ हवेवर चालतं बघा! ऊन, उकाडा, दमटपणा, डाग सुती चादरीवर आहे की टाइल्सवर, सगळ्याने वेग बदलतो. मे महिन्यातलं नागपूर आणि जुलैतली रत्नागिरी, दोन्हीकडचे डाग तितक्याच दिवसांचे असले तरी सारखे दिसणार नाहीत. त्यात कुणी रात्रभर एसी लावून ठेवला होता का हे तपासणाऱ्याला कोण सांगणार. आरएनएचीही (डीएनएचा पेशीतला भाऊबंद रेणू) पद्धत आहे, त्याचे काही प्रकार लवकर तुटतात काही टिकतात (18एस नावाचा बराच चिवट), मग दोघांचं प्रमाण काढायचं, पण हवामानाची कटकट तिथेही आहेच. म्हणून "काल-परवाचा की महिन्यांपूर्वीचा" इथपर्यंत ठीक, तासांचा आकडा ठामपणे सांगणारा इन्स्पेक्टर सिरीयलमध्येच शोभतो.

कधीकधी मात्र डाग नाही तर जखमच वेळ सांगून जाते. आल्प्सच्या बर्फात 1991 मध्ये ओत्झी नावाचं सुमारे 5300 वर्षांपूर्वीचं प्रेत सापडलं, खांद्यात बाणाचं टोक. 2012 मध्ये त्या जखमेत लाल रक्तपेशी तर दिसल्याच, पण फायब्रिन (रक्त गोठताना बनणारं प्रथिन) पण सापडलं, आणि ते ताज्या जखमेत बनतं नि थोड्या वेळाने विरघळून जातं. म्हणजे बाण लागल्यावर तो फार वेळ जगला नसणार.