कार्बन कंपोझिटवरचा लेप जाड केल्याने ते जळायचे थांबते का?

कार्बन कंपोझिटच्या, म्हणजे कार्बनच्याच तंतूंनी बळकट केलेल्या कार्बनच्या, आपल्या नमुन्यांवर सिलिकॉन कार्बाइड या कठीण सिरॅमिकचा लेप असूनही ७०० अंश सेल्सिअसला कार्बन जळून त्यांचे वजन घटते, तर लेप किती जाड द्यावा, असे आपण विचारले आहे. जाडीचा येथे प्रश्नच नाही. हेच मी एकेकाळी रत्नागिरीतल्या आमच्या लहानशा कारखान्यात भागीदारांना सांगितले होते आणि त्यांनी ते हसण्यावारी नेले होते.

सुमारे १,१०० अंशांना वायूतून बसवलेला लेप थंड होताना आतल्या कार्बनपेक्षा कितीतरी अधिक आकसतो, म्हणून त्याला तडे जातातच. पुन्हा त्या तापमानाजवळ नेले की ते मिटू लागतात. ७०० ला मात्र उघडेच राहतात आणि कार्बन तर ५०० च्या आसपासच जळू लागतो. स्पेस शटलच्या पंखांच्या कडांवरही हे तडे गृहीत धरूनच त्यांत सिलिकेटची काच भरत असत.

भागीदारांनी लेप बाहेरून दुप्पट जाड करवून आणला, तेव्हा कडांचे पोपडे निघाले. मग मी वरून बोरेट काचेचा थर दिला, कारण त्यातले बोरॉन ऑक्साइड ४५० अंशांनाच वितळून भेगांत उतरते. जूनमधली चाचणी उत्तम झाली. उरलेले तुकडे भागीदारांनी समुद्राकडच्या खिडकीखाली, उघड्या फळीवर ठेवले. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते हे आपल्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असते. तरीही ऑगस्टमध्ये तुकड्यांवर पांढरी पूड दिसली तेव्हा त्यांना ती माझी चूक वाटली. दमट हवेत बोरॉन ऑक्साइडचे बोरिक आम्ल झाले होते. शिवाय खाऱ्या वाऱ्यातले सोडियम कार्बनच्या जळण्याला उत्प्रेरक ठरते. पुढच्या चाचणीत कार्बन वाळवी लागल्यासारखा पोखरला गेला आणि ‘तुमचे बोरॉनच कुचकामी’ असा निकाल मला ऐकवण्यात आला.

म्हणून आपण जाडी वाढवण्याआधी भेगा बुजवाव्यात, नमुने ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावेत आणि ते कोणाच्याही भरवशावर फळीवर सोडू नयेत. आपले काम १,१०० अंशांच्या वर असेल तर मात्र बोरेटचा थर उडून जाऊ लागतो आणि तेथे सिलिकॉन कार्बाइडच्या जाडीला थोडे महत्त्व येते. तेवढ्यापुरते भागीदारांचे म्हणणे खरे होते; फक्त आमची भट्टी ८०० च्या वर कधी गेलीच नव्हती.