दादरमधल्या आमच्या साडीच्या दुकानाची वेबसाइट मोबाइलवर बारीक दिसते आणि हळू उघडते. मोबाइलसाठी वेगळी साइट करावी का?

नाही, वेगळी साइट करू नका. आहे तीच रिस्पॉन्सिव्ह, म्हणजे स्क्रीनच्या आकाराप्रमाणे आपोआप मांडणी बदलणारी, करून घ्या. दोन साइट ठेवल्या की एकीवर नवा भाव, दुसरीवर जुना, हे ठरलेलंच. शिवाय गूगल आता मोबाइलवर दिसणारं पानच धरून इंडेक्स करतं, म्हणजे शोधासाठी तेच नोंदवतं. हा बदल त्यांनी २०१६ मध्ये जाहीर केला, २०२३ मध्ये पूर्ण केला. अक्षरं बारीक दिसतात म्हणजे बहुधा पानात व्ह्यूपोर्टचा टॅगच (पान स्क्रीनच्या रुंदीत बसवा असं ब्राउझरला सांगणारी कोडमधली ओळ) नाही, डेव्हलपरला आधी तेच बघायला सांगा.

मी दुकानांच्याच साइट करतो, आणि खरी मेख फोटोंत असते: पदराचा पाच-सहा एमबीचा फोटो कॅमेऱ्यातून आला तसा चढवलेला, आणि गिऱ्हाईक विरार लोकलच्या गर्दीत गोल फिरणारं चक्र बघत उभं. फोटो वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये करून शे-दीडशे केबीवर आणा, खालचे स्क्रोल केल्यावरच लोड होऊ द्या. फोन नंबर दाबला की थेट कॉल लागला पाहिजे. तपासताना साधा अँड्रॉइड घ्या, वायफाय बंद ठेवा.

साइट फारच जुनी, कोडमधल्या टेबलांच्या (रकान्यांच्या) चौकटीत मांडलेली असेल तर मात्र डागडुजीपेक्षा नवी थीम, म्हणजे साइटचा तयार साचा, स्वस्त पडते. पानांचे पत्ते (लिंक) तेवढे बदलू देऊ नका.