स्वारगेटहून रात्रभर एसटीने प्रवास केला की पाय का सुजतात? लसिका संस्थेचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. केशवाहिन्यांतून (अगदी बारीक रक्तवाहिन्यांतून) पाणी सतत ऊतींमध्ये झिरपतं. ते आणि त्यातली प्रथिनं गोळा करून रक्तात परत नेण्याचं काम लसिकावाहिन्या करतात, दिवसाला काही लिटर. या संस्थेला हृदयासारखा एकच मोठा पंप नाही. वाहिन्यांच्या भिंती स्वतः आकुंचन पावतात, आतल्या झडपा द्रव मागे येऊ देत नाहीत, आणि बाकीचा जोर पोटरीच्या स्नायूंचा. सीटवर आठ तास पाय लोंबकळत ठेवले की तो जोर बंद. त्यात शिरांमधला दाब वाढून जास्त पाणी झिरपतं, ते वेगळंच.

दोन्ही पायांची लसिका, म्हणजे हा गोळा केलेला द्रव, छातीतल्या मुख्य नलिकेतून डाव्या गळपट्टीच्या हाडामागच्या शिरेत पडते. वाटेत जांघेतल्या गाठी ती गाळतात. पायाला जखम झाली की 'अवधाण' येतं, ते याच गाठी सुजल्याने.

प्रवासात दर अर्ध्या तासाने टाचा वीसेक वेळा वर-खाली करा. घरी आल्यावर पाय छातीपेक्षा उंच ठेवून पडा. साधी सूज सहसा दिवसभरात उतरते.

सूज टिकली तर पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी वरची कातडी चिमटीत धरून पाहा. उचलली जात नसेल तर लसिकामार्ग तुंबल्याची शंका घ्यावी. हत्तीरोगात हेच होतं. मात्र एकच पाय अचानक सुजून दुखू लागला, तर शिरेत गुठळी असू शकते. तिथे मालीश अजिबात नको, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.