हेलब्लेड: हात काळा पडला म्हणून गेम पहिल्यापासून सुरू करू नका

"सेनुआचा हात कोपरापर्यंत काळा पडलाय, डोक्यापर्यंत पोचला की सगळं पुसलं जाईल, म्हणून तिसऱ्यांदा पहिल्यापासून खेळतोय" हे 'हेलब्लेड' या व्हिडिओ गेमबद्दल (सेनुआ ही त्याची नायिका) तुम्ही लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. तुमचे बाकीचे प्रश्नही आहेत: भ्रम पाडणाऱ्या वाल्राव्न या देवाच्या दाराशी अडकलात, आधी नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) पुराणं वाचायला हवीत का, आणि दोन वर्षांपूर्वी सायकोसिसमधून (भास-भ्रम होणाऱ्या मानसिक आजारातून) गेलेल्या धाकट्या भावाला हा गेम खेळू द्यावा का. पण आधी हाताचं.

चौथ्यांदा सुरू करू नका. सेव्ह पुसली जात नाही. सुरुवातीला पडद्यावर जो इशारा येतो (दर वेळी हरलात की काळी सड वर चढेल, डोक्यापर्यंत गेली की सगळी प्रगती संपली) तो खरा मानून असंख्य लोकांनी हेच केलंय. ऑगस्ट २०१७ मध्ये गेम आला त्याच महिन्यात लोकांनी मुद्दाम पुन्हा पुन्हा मरून तपासलं, आणि धमकी पोकळ निघाली. सड मरण्याने चढते, तशी कथेच्या टप्प्यांवरही चढते. म्हणजे कितीही सफाईने खेळलात तरी हात काळा होणारच आहे. तो तुमच्या चुकांचा हिशेब नाही.

सेनुआच्या कानाशी दिवसरात्र आवाज असतात: तू हरणार, मागे फीर, सगळं तुझ्यामुळे झालं. ती ते खरे मानते. तो इशारा वाचून आपणही तसंच एक वाक्य खरं मानतो आणि त्याच्या धाकाने वागायला लागतो. या गेममध्ये सगळ्यात नेमकी जमलेली गोष्ट कुठली असेल तर ही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून एरवी कथा फोडणं मला आवडत नसलं तरी हे गुपित मी सांगतो. तीनदा मागे जाणाऱ्याला ते कळलंच पाहिजे.

माझी सर्वात महागडी चूकही हीच, 'न्यू गेम' दाबण्याची. हाताने सेव्ह करायची सोय नाही, ऑटोसेव्ह एकच, नवा खेळ सुरू केला की जुना गेला. आणि जिथून गेम विकत घेतला होता त्यांच्या मदतकक्षाने काय सांगावं? अनइन्स्टॉल करून परत टाका, ड्रायव्हर अपडेट करा, स्क्रीनशॉट पाठवा. प्रश्न एका ओळीचा होता, हा इशारा खरा आहे का? त्याचं उत्तर शेवटपर्यंत कुणी दिलं नाही आणि रिफंडची मुदत मात्र उलटून गेली. तेव्हा मदतकक्षावर विसंबू नका. पीसीवर असाल तर लोकल अ‍ॅपडेटामध्ये (%localappdata%) 'हेलब्लेडगेम' नावाचा फोल्डर आहे, त्यात 'सेव्हड' आणि त्याच्या आत 'सेव्हगेम्स'. गेम पूर्ण बंद करून तो फोल्डर दुसरीकडे कॉपी करून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे. कन्सोलवर असाल तर क्लाउड सेव्ह चालू आहे ना ते बघा.

लढाईतच वारंवार मरत असाल तर सेटिंगमध्ये डिफिकल्टी 'ऑटो'वरून 'ईझी'वर आणा. त्यात कमीपणा काही नाही. जे शत्रू काळ्या धुरासारखे दिसतात त्यांच्यावर तलवार नुसती फिरवून भागत नाही. आधी फोकस (एकाग्र होऊन बघण्याचं बटण) वापरा, ते घट्ट दिसायला लागले की मग मारा.

हेडफोन लावा हे गेम स्वतःच सांगतो, पण पुढचं सांगत नाही. आवाज बायनॉरल पद्धतीने, माणसाच्या डोक्याच्या आकाराच्या मायक्रोफोनने रेकॉर्ड केलेले आहेत. त्यामुळे साधा स्टिरिओ हेडफोन पुरतो, आणि विंडोजमधला किंवा हेडसेटचा 'व्हर्च्युअल सराउंड' बंदच ठेवायचा. एकदा दिशा भरलेल्या आवाजावर पुन्हा प्रक्रिया झाली की दिशांचा गोंधळ होतो. डावा-उजवा कानही तपासा. मागून वार येतोय हे लढाईत तेच आवाज सांगतात, टीव्हीच्या स्पीकरवर ते अर्धं वाया जातं.

आता वाल्राव्न. लाकडी चौकटीतून पलीकडे जे दिसतं, पूल किंवा जिना, ते चौकटीतून चालत गेल्यावर खरं होतं. तिला वळसा घालून गेलात तर काहीच बदलत नाही, आणि उलट दिशेने आलात तर बदललेलं पूर्ववत होतं. बहुतेक जण इथेच अडकतात: बरोबर चौकट, चुकीची दिशा. दारावरच्या रून्सचं (जुन्या नॉर्स लिपीतल्या अक्षरांचं) म्हणाल तर तो आकार कुठे कोरलेला नसतो. खांब, सावल्या, फांद्या एका विशिष्ट जागेवरून एकमेकांवर आल्या की तो जुळतो. म्हणून कॅमेरा फिरवत बसू नका, पाय हलवा. पडद्यावर रून्स दाट तरंगायला लागले की तुम्ही योग्य आवारात आहात, तिथे पाऊल-पाऊल सरकून बघा आणि आकार जुळला की फोकस दाबून धरा. असंबद्ध गोष्टींत अर्थपूर्ण आकार दिसणं हा सायकोसिसमधला खरा अनुभव आहे, कोडं त्यावरूनच घेतलंय. गेम बनवणाऱ्या निन्जा थिअरीने केंब्रिजचे मनोविकारतज्ज्ञ प्राध्यापक पॉल फ्लेचर आणि असे अनुभव स्वतः घेतलेली माणसं यांना सोबत घेऊन हे उभं केलं. आरोग्य-संशोधनाला निधी देणाऱ्या ब्रिटनच्या वेलकम ट्रस्टनेही पैसे दिले होते.

पुराणं आधी वाचू नका. सेनुआ स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांवरची, पिक्ट जमातीची आहे, नॉर्स नाही. हे देव तिच्या गावावर चाल करून आलेल्यांचे, तिला ते द्रुथ या तिच्या मित्राच्या तोंडून कळतात. तुम्हालाही तसेच कळले तर बरं. वाचायचंच असेल तर हर्मोडची गोष्ट वाचा. मेलेल्या बाल्डर देवाला परत आणायला तो देवांचा राजा ओडिन याच्या आठ पायांच्या घोड्यावरून नऊ रात्री दौडत मृतांची राणी हेल हिच्याकडे जातो, आणि हेल अट घालते की सगळ्या सृष्टीने बाल्डरसाठी रडलं पाहिजे. मेलेल्या प्रियकरासाठी, डिलियनसाठी, निघालेली सेनुआ त्याच वाटेवर आहे. हेल (तिच्या राज्याचंही नाव तेच) म्हणजे आपल्या डोक्यातला पापी लोकांचा नरक नव्हे. आणि वाल्राव्न एड्डांमध्ये (नॉर्स पुराणकथांच्या जुन्या ग्रंथांत) शोधू नका, तो डॅनिश लोकगीतांतला आहे.

भावाबद्दल. मी डॉक्टर नाही, त्यामुळे याला वैद्यकीय सल्ला समजू नका. पण गेमला पुरस्कार मिळालेत, डॉक्टरांनी मदत केलीये, म्हणून तो औषधासारखा आहे असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. तो उपचार नाही. सायकोसिस बाहेरच्याला समजावा म्हणून बनवलाय, आणि ज्याने तो भोगलाय त्याच्यावर काय परिणाम होईल हे माणसागणिक बदलतं. भावाच्या डॉक्टरांना सरळ विचारा: "कानात कुजबुजणारे आवाज असलेला सात-आठ तासांचा गेम आहे, चालेल का?" ते हो म्हणाले तर त्याला हेडफोनशिवाय, दिवसा, अर्धा-पाऊण तास खेळू द्या आणि तुम्ही शेजारी बसा. बापाच्या छळाचे आणि आईला जाळल्याचे प्रसंग आहेत, ते आधी सांगा. त्या रात्री झोप उडाली, चिडचिड वाढली किंवा आवाज परत आल्याचं तो म्हणाला, तर गेम बंद आणि डॉक्टरांना फोन. गोळ्यांना हात लावायचा नाही. डॉक्टर लगेच भेटत नसतील तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

सेनुआचा बाप झिनबेल तिच्या आजाराला शाप म्हणतो आणि तिला कोंडून ठेवतो. आपल्याकडे 'बाहेरचं झालंय' म्हणून औषधाआधी भगत गाठणारी घरं आजही आहेत. तुमच्या घरात कुणी भावाशी असं बोलत असेल तर त्या माणसाला हा भाग जरूर दाखवा. हेलब्लेड असं दुःख समजून घेतो, म्हणूनच २०१८ च्या गॉड ऑफ वॉर या गेममधला बाल्डर मला खटकतो. संवेदना गेल्याने वेडापिसा झालेला खलनायक म्हणून तो थरारक आहे, पण त्याचं दुःख फक्त मारामारीला कारण म्हणून वापरलंय.

एक राहिलं. लोरस्टोन, म्हणजे गोष्टी सांगणारे दगड, ४४ आहेत. दगडावर फोकस धरला की द्रुथ गोष्ट सांगतो, आणि सगळे मिळाले तर शेवटाआधी त्याचा एक जादा प्रसंग बघायला मिळतो. पुढे गेल्यावर मागच्या भागात परतता येत नाही, तेव्हा वाल्राव्नचं शेवटचं दार उघडण्याआधी तिथले दगड मोजून घ्या.